स्कीइंगचे फोटो : उतारावर कुठे उभं राहायचं, कॅमेरा कसा लावायचा

स्कीइंगचे बहुतेक फोटो तीन प्रकारे फसतात. बर्फ मळकट राखाडी येतो. स्की करणारा माणूस मधोमध ठिपक्याएवढा दिसतो. आणि ज्या उताराच्या टोकावर पोटात गोळा आला होता, तो फोटोत चक्क सपाट दिसतो. यांतली पहिली अडचण कॅमेऱ्याच्या सेटिंगने सुटते. उरलेल्या दोन मात्र तुम्ही कुठे उभे राहिलात आणि समोरच्याशी आधी काय ठरवलंत यावर अवलंबून असतात. म्हणून पुढे सेटिंगची चर्चा आहेच, पण माझा जोर जागा आणि वेळ निवडण्यावर राहील. ते जमलं तर साधा कॅमेराही काम भागवतो.

एक अट आधीच सांगते. हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या क्षणी वळून थांबता येत असेल तरच मोठा कॅमेरा घेऊन उतारावर जा. पाठीवरच्या दोन-तीन किलोंनी तोल बदलतो आणि वळताना ते जाणवतं. अजून शिकत असाल तर फोन पुरे, तोही चेन लावलेल्या खिशात.

सोबत काय न्यायचं

एक बॉडी आणि एक झूम लेन्स. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४-७० किंवा २४-१०५ मिमी असेल तर दिवसभराचं बहुतेक काम होतं. दूरवरून, जवळ ओढल्यासारख्या दिसणाऱ्या डोंगररांगांसमोर माणूस टिपायचा असेल तर ७०-२०० मिमी. दोन्ही न्यायच्या असतील तर कोणती लावायची ते वर पोचायच्या आधी ठरवा. उतारावर लेन्स बदलणं म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या हिमकणांना सेन्सरचं आमंत्रण देणं. मेमरी कार्डही असं मोठं घाला की मध्ये बदलावं लागणार नाही. बर्फात पडलेलं कार्ड सापडत नाही.

कॅमेरा ठेवायचा कुठे, हा प्रश्न लेन्सपेक्षा मोठा आहे. गळ्यात लटकवून स्की करू नका. पडलात तर तो तोंडावर किंवा बरगड्यांवर आदळतो, आणि लोंबणारा पट्टा चेअरलिफ्टमध्ये अडकू शकतो. छोटा कॅमेरा असेल तर छातीवर घट्ट बसणारी मऊ पिशवी सोयीची, कारण ती पटकन उघडते आणि फोटो निघतात. मोठ्या कॅमेऱ्यासाठी पाठपिशवी, आत जाड फोम आणि कंबरेचा पट्टा आवळलेला. पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी पिशवी घ्या. बर्फावर आडवी टाकली की तिची बाहेरची बाजू ओली होते आणि तुमची पाठ कोरडी राहते. चेअरलिफ्टवर बसताना पिशवी काढून मांडीवर घ्या.

बाकी किरकोळ : लेन्स हूड, मऊ ब्रश, रबरी ब्लोअर, घट्ट बंद होणारी मोठी प्लॅस्टिकची पिशवी. ट्रायपॉड घरी ठेवा. स्कीचा पोल (हातातली काठी) बर्फात रोवून त्यावर हात टेकवला तरी लेन्स बरीच स्थिर राहते.

हातांसाठी दोन थर लागतात. आत पातळ मोजे, ज्यांतून बटणं कळतात, आणि वर जाड मोजे, मनगटाला दोरीने बांधलेले. उघड्या हाताने थंड धातू धरून उभं राहणं थोडा वेळ चालतं, मग बोटं ऐकेनाशी होतात. पुढे हिमदंशाचाही धोका असतो.

थंडी आणि बॅटरी

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की बॅटरी संपली. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा संपलेली नसते. म्हणून जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात ठेवा. कॅमेऱ्यातली बॅटरी मान टाकू लागली की अदलाबदल करा. उबेत गेलेली बॅटरी थोड्या वेळाने पुन्हा काही फोटो देते. फोनचंही तेच. अनेक फोन शून्य अंशाखाली वापरासाठी बनवलेलेच नसतात, त्यामुळे ते अर्ध्या चार्जवरही अचानक बंद पडतात. मदतीसाठी फोन करावा लागेल हे लक्षात ठेवून तो बाहेरच्या खिशात ठेवू नका.

कॅमेरा मात्र अंगाच्या उबेत ठेवायचा नाही. गरम काचेवर पडलेला हिमकण वितळतो आणि मग तिथेच गोठतो. थंड काचेवरचा कण ब्रशने झटकता येतो. तोंडाने फुंकर मारण्याची सवयही सोडा. श्वासातली वाफ लेन्सवर दहिवरासारखी गोठते आणि पुसायला गेलात की फराटे उठतात.

थांबण्याचे नियम

आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या दहा आचारनियमांपैकी सहावा थांबण्याबद्दल आहे : अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी विनाकारण थांबू नये. फोटोच्या नादात सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियम हाच असावा. उंचवट्यावरून उडी मारणाऱ्याचा फोटो घ्यायला आपण नेमके उंचवट्याच्या खाली, वरून न दिसणाऱ्या जागी जाऊन बसतो. अशा वेळी वर एक साथीदार उभा करा, जो इतरांना थांबवेल. बाकी वेळी कडेला थांबा आणि पुन्हा निघताना वर नजर टाका.

तयार केलेल्या मार्गांबाहेर जात असाल तर गोष्ट वेगळीच आहे. हिमस्खलनं प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि फोटोला देखणे वाटणारे उतारही नेमके तेच. फोटोग्राफर बहुधा उताराच्या तळाशी किंवा घळीत उभा राहतो, म्हणजे सुटलेला बर्फ जिथे येऊन साचतो तिथे. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र), फावडं व प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबत असल्याशिवाय अशा उताराजवळही जाऊ नका. उतारावर एका वेळी एकच जण उतरू दे. तुम्ही बाजूच्या उंच धारेवर किंवा त्या उताराच्या आवाक्याबाहेर उभे राहा. तिथून चांगला फोटो मिळत नसेल तर तो फोटो सोडून द्यायचा. यात तडजोड नाही.

कॅमेरेवाल्यांच्या हमखास नजरेआड होणारी बाब म्हणजे ट्रान्सीव्हरला इतर विद्युत उपकरणांचा अडथळा होतो. फोन, ॲक्शन कॅमेरा, गरम होणारे हातमोजे हे सगळं ट्रान्सीव्हर संदेश पाठवत असताना किमान २० सेंमी आणि शोध घेत असताना ५० सेंमी दूर असायला हवं. छातीवर ट्रान्सीव्हर आणि त्यावरच ॲक्शन कॅमेरा, ही मांडणी म्हणूनच चुकीची.

उजेड कुठून येतो ते पाहा

हिवाळ्यात सूर्य खालून फिरतो, त्यामुळे चांगला उजेड फक्त पहाटे-संध्याकाळीच असतो असं नाही. तरी भर दुपारी तुमच्या पाठीमागून थेट उतारावर पडणारा उजेड बर्फाला सपाट करून टाकतो. बर्फावरच्या लाटा, जुन्या रेघा, कणांची खरखर हे सगळं तिरप्या उजेडात दिसतं. पूर्वेकडचे उतार सकाळी पाहा, पश्चिमेकडचे दुपारनंतर. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर भुसभुशीत बर्फ सगळ्यांत जास्त टिकतो, कारण तिथे ऊन कमी पोचतं. म्हणजे स्कीला सर्वोत्तम बर्फ जिथे, तिथेच फोटोला उजेडाची टंचाई. दक्षिण गोलार्धात दिशा उलट. या कोंडीतून सुटायला धारेजवळच्या जागा शोधा, जिथे ऊन धार ओलांडून आडवं येतं आणि उताराचा एक पट्टाच उजळतो. स्की करणारा त्या पट्ट्यात शिरतो तो क्षण पकडायचा. मागचा सावलीतला डोंगर आपोआप काळसर पार्श्वभूमी होतो.

डोंगरात सूर्य घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी धारेमागे जातो, हेही हिशेबात धरा. आदल्या दिवशी लिफ्टमधून जाता-येता कोणता उतार किती वाजता सावलीत गेला ते नोंदवून ठेवा. मला विचाराल तर याहून उपयोगी तयारी दुसरी नाही.

उडणाऱ्या बर्फाचा फोटो हवा असेल तर सूर्य समोर घ्या. स्की करणाऱ्याच्या मागून ऊन आलं की वळणावर उडालेला भुगा पेटल्यासारखा चमकतो. ऊन तुमच्या पाठीमागे ठेवलंत तर तोच भुगा पांढऱ्या उतारावर दिसेनासा होतो. सूर्याकडे तोंड करून काढताना लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका. हूड लावा किंवा स्वतः झाडाच्या, खडकाच्या सावलीत उभे राहा. माणसाचा चेहरा काळा पडेल ही भीती इथे तितकी खरी नाही, कारण खालचा बर्फ उजेड परत वर फेकतो.

उतार तीव्र दिसावा म्हणून

खालून सरळ वर किंवा वरून सरळ खाली पाहिलं तर चढ-उताराचा कोन कळतच नाही. बाजूने, माणसाच्याच उंचीवरून काढा. मग उताराची रेघ चौकट तिरपी कापते आणि डोळ्याला कोन मोजता येतो. चौकटीत एखादं झाड, लिफ्टचा खांब किंवा दूरचं क्षितिज येऊ द्या. झाड सरळ उभं दिसलं की उतार आपोआप खरा वाटतो. कॅमेरा तिरका धरून उतार वाढवण्याची युक्ती करू नका, वाकडी झाडं लगेच चुगली करतात.

वाइड लेन्सने डोंगर लहान होतात आणि माणूस मुंगी होतो. वाइडच वापरायची असेल तर त्याला अगदी जवळून, दोन-तीन मीटरवरून जायला सांगा, पण तो सराईत असेल तरच. लांबून काढताना मात्र माणूस लहान ठेवायला हरकत नाही, फक्त त्याच्याभोवती रिकामी, स्वच्छ जागा हवी. तो ज्या दिशेने जातोय तिकडे जास्त मोकळीक सोडा. त्याच्या मागच्या रेघेनेही गोष्ट सांगितली जाते, म्हणून ती चौकटीत घ्या.

आणि ताज्या बर्फाची राखण करा. जागेवर पोचताना तुम्हीच चौकटीच्या मधून रेघ ओढलीत तर ती पुन्हा पुसता येत नाही. लांबचा वळसा घ्या. खोल बर्फात स्की काढूही नका. पाय मांडीपर्यंत रुततात, बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरणाऱ्या कळीत) बर्फ गच्च बसतो आणि परत चढवताना वेळ जातो. स्की उताराला आडव्या ठेवून कडा रोवल्या की उभं राहता येतं.

बर्फ पांढरा यावा म्हणून

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. हा करडा साधारण १८ टक्के उजेड परत फेकतो, तर ताजा बर्फ ८० ते ९० टक्के. हा फरक दोन स्टॉपांहून जास्त आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून मीटरवर विसंबलात की बर्फ राखेच्या रंगाचा येतो. उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं : उन्हात +१ पासून सुरुवात, चौकट जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली असेल किंवा ढगाळ असेल तर +१.५ ते +२. चौकटीत गडद झाडी जास्त असेल तर कमी.

पण आकाश निरभ्र असेल तर मी कॉम्पेन्सेशनच्या भानगडीत पडत नाही, सरळ मॅन्युअल, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः ठरवते. कारण सोपं आहे. उजेड बदलत नाही, बदलते ती फक्त चौकट. गडद जॅकेटवाला जवळ आला की ऑटो मीटर गडबडतो आणि एकाच मालिकेतल्या दहा फोटोंत बर्फाच्या दहा छटा येतात. उन्हातल्या बर्फासाठी आयएसओ २००, शटर १/१६०० सेकंद, ॲपर्चर एफ/८ इथून सुरुवात करा, एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, पाहा. आलेखातला डोंगर उजव्या कडेजवळ गेलेला हवा, कडेला धडकलेला नको. हायलाइटची (अति उजळ भागांची) धोक्याची चमक सुरू ठेवा. सूर्याभोवती चमकली तर चालेल, बर्फाच्या मोठ्या भागावर चमकली तर एक्स्पोजर तिसरा हिस्सा स्टॉप कमी करा. लखलखत्या उन्हात स्क्रीनवर फोटो काळाच भासतो, त्यामुळे नजरेवर नाही, हिस्टोग्रामवर भरवसा ठेवा. गॉगल पोलराइज्ड असेल तर स्क्रीन एका कोनात पूर्ण काळी दिसते. कॅमेरा बिघडला नाही, तो नव्वद अंशांत वळवून पाहा.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. सावलीतला बर्फ निळा येतो तो कॅमेऱ्याचा दोष नसून निळ्या आकाशाचा उजेड असतो. तो किती ठेवायचा ते नंतर ठरवता येतं. पोलरायझर फिल्टरची घाई नको. उंचावर आकाश आधीच गडद असतं, फिल्टरने ते काळं पडतं, आणि वर दीड ते दोन स्टॉप उजेड जातो.

वेग थोपवणं

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. शटर उघडं असलेल्या १/२५० सेकंदात माणूस साडेपाच सेंमी सरकतो, १/१००० मध्ये १.४ सेंमी, १/२००० मध्ये ७ मिमी. आडवा जाणारा माणूस आणि उडणारे कण दोन्ही धारदार हवे असतील तर १/१६०० किंवा १/२००० ठेवा. थेट तुमच्याकडे येत असेल तर १/१००० पुरतं.

फोकस सलग पाठलाग करणारा ठेवा, आणि सगळी चौकट धुंडाळणाऱ्या क्षेत्राऐवजी मधला लहान गट निवडा. भुग्याचा फवारा उडाला की ऑटोफोकस माणसाला सोडून फवाऱ्याला धरतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करण्याची सोय असते, ती वापरा. मधल्या अडथळ्याला तो मग चटकन भुलत नाही. वळण कुठे घेतलं जाणार हे नक्की ठरलं असेल तर जुनी पद्धत सगळ्यांत भरवशाची : त्या जागेवर आधी फोकस करून ठेवा, ऑटोफोकस बंद करा.

बर्स्टवर (बटण दाबून ठेवून सलग फोटो काढण्यावर) फार भिस्त नको. सेकंदाला दहा फोटो काढले तरी ताशी ५० च्या वेगात दोन फोटोंमध्ये माणूस १.४ मीटर पुढे गेलेला असतो, आणि वळणाचा ऐन क्षण त्या फटीत निसटू शकतो. वळणाच्या किंचित आधी बटण दाबा, वळण संपलं की सोडा.

वेग जाणवावा असं वाटत असेल तर उलट करा : १/६० ठेवा, माणसाच्या वेगाने कॅमेरा फिरवत फिरवत काढा. मागे गडद झाडी असेल तर रेघा छान उठतात. निव्वळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर हे फुकट जातं, कारण पुसट व्हायला तिथे काही नसतंच.

स्की करणाऱ्याशी ठरवणं

निघण्याआधी दोन मिनिटं बोला. "ये इकडे" एवढ्याने काही होत नाही. बर्फाचा गोळा टाकून किंवा चौकटीबाहेरच्या झाडाची खूण देऊन वळणाची जागा दाखवा. डावीकडे वळायचं की उजवीकडे हेही सांगा, कारण एका वळणात चेहरा आणि छाती तुमच्याकडे येते, दुसऱ्यात पाठ. किती वळणं घ्यायची, कुठे थांबायचं, तुमच्या कोणत्या बाजूने जायचं हे ठरवा. खूण पक्की करा : तुम्ही हात वर केलात म्हणजे तयार, त्याने पोल वर केला म्हणजे निघाला. वॉकीटॉकी असेल तर उत्तम.

जॅकेट लाल, पिवळं, नारिंगी असेल तर निम्मं काम झालं. पांढरे किंवा फिके कपडे बर्फात हरवतात. वरच्याला थंडीत फार वेळ ताटकळत ठेवू नका. आखडलेल्या अंगाने चांगलं वळण येत नाही, आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी थांबणारही नाही.

ढगाळ हवा, पडता बर्फ

दाट ढगांत सावल्या जातात आणि उतार व आकाश एकच पांढरा पडदा होतात. अशा दिवशी उघड्या उतारांचा हट्ट सोडून झाडीत जा. गडद खोडं चौकटीला आधार देतात. बर्फ पडत असेल तर फ्लॅश टाळा, जवळचे कण पांढरे गोळे होऊन सगळं झाकतात. १/२५० च्या आसपास कणांच्या रेघा होतात, १/१००० ला ठिपके. मला ठिपके आवडतात, पण दोन्ही काढून पाहा.

फोन आणि ॲक्शन कॅमेरा

फोनवर माणसाच्या वाटेवरच्या जागी बोट दाबून ठेवा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल. मग बोट वर सरकवून बर्फ उजळ करा. आवाजाचं बटण बऱ्याच फोनवर शटरचं काम करतं, ते मोज्यातूनही दाबता येतं. डिजिटल झूम वापरण्यापेक्षा जवळची जागा निवडा.

ॲक्शन कॅमेरा हेल्मेटवर लावण्याची पद्धत असली तरी तिथून नुसता सपाट पांढरा पट्टा दिसतो. छातीवर लावला तर गुडघे, हात आणि स्कीची टोकं चौकटीत येतात आणि वेग कळतो. ट्रान्सीव्हर घातला असेल तेव्हा मात्र छाती बाद, पोलच्या टोकाला लावा. ड्रोन उडवण्याआधी त्या ठिकाणची परवानगी पाहा, अनेक स्की केंद्रांवर मनाई असते. थंडीत त्याचीही उड्डाणवेळ घटते.

परत आल्यावर

उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेर असतानाच, कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती घट्ट बंद करा. खोलीतल्या हवेतली वाफ मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर जमते, लेन्सच्या आत नाही. तासाभराने, मोठी लेन्स असेल तर दोन तासांनी उघडा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास कायमची बिघडू शकते.

फोटो निवडताना आधी शरीर पाहा, मग फोटो किती धारदार आला ते. हात पुढे, गुडघे वाकलेले, नजर पुढच्या वळणाकडे, भुगा उडालेला पण चेहरा न झाकणारा, असे फोटो ठेवा. संपादनात हायलाइट थोडे खाली, काळा रंग किंचित गडद, एवढ्याने बर्फाचा पोत उठतो. बर्फाचा सगळ्यांत उजळ भाग (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे शुभ्र या मापात) २५५ पैकी २४० ते २५० च्या आसपास राहू द्या, पूर्ण २५५ वर तो कोऱ्या कागदासारखा दिसतो. सावलीतला निळेपणा अर्धा कमी करा, पूर्ण नको. पूर्ण काढलात तर उन्हातला बर्फ पिवळट पडतो.